सहकाराचं दप्तर : रजा न घेणारा व्यवस्थापक

(सहकारी संस्थांच्या कारभाराबद्दल वाचकांच्या प्रश्नांना सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या लेखापरीक्षक स्तंभलेखिका उत्तरं देतात. पत्रं संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गेल्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर गावच्या पतसंस्थेत संचालक म्हणून निवडून आले. संस्थेत व्यवस्थापक, एक लिपिक-रोखपाल, शिपाई आणि चार पिग्मी एजंट (रोज दारोदार जाऊन छोट्या ठेवी गोळा करणारे) आहेत. व्यवस्थापक स्थापनेपासूनचे. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, रात्री शेवटी जातात, घरच्या लग्नालाही रजा घेत नाहीत. तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या आणि संगणकाचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. संचालकांनी अधूनमधून रोकड मोजावी असं मी सभेत सुचवलं, तर चेअरमन म्हणाले, "बाई, संशय घेताय काय? देवमाणूस आहे तो." असे नियम करायचे तर मंडळ करू शकतं का, की सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात जावं लागतं?
– एक संचालिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तो माणूस देवमाणूस असेलही. मी ज्या संस्थांचं दप्तर तपासलं त्यांतले बहुतेक व्यवस्थापक प्रामाणिकच होते. पण उद्या तिजोरीत पन्नास हजार कमी निघाले, तर सगळं गाव पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवेल आणि "रोकड मी एकटा हाताळत नव्हतो" हे सिद्ध करायला त्यांच्याकडे एक चिठोरासुद्धा नसेल. तेव्हा चेअरमनना सांगा की रोकड मोजण्याचा नियम व्यवस्थापकांच्या बाजूचा आहे. मी हे नुसतं त्यांची समजूत घालण्यापुरतं लिहीत नाही, मला मनापासून तसंच वाटतं.

आता रजेबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजीची वाटलेली ओळ हीच. रजा न घेणं ही गावात कौतुकाची गोष्ट असते. सत्काराच्या भाषणात हमखास येते. लेखापरीक्षकाचं लक्ष मात्र तिथेच थांबतं. कारण पुष्कळ अफरातफरी अशा असतात की त्या रोज झाकाव्या लागतात. आज एका ठेवीदाराचे पैसे उचलले, उद्या तो आला तर दुसऱ्याच्या खात्यातून भागवायचे, परवा तिसऱ्याच्या. हे चक्र फिरवणारा माणूस दोन आठवडे खुर्चीवरून उठला की चक्र थांबतं.

मी तपासलेल्या एका ग्रामीण पतसंस्थेत असंच उघडकीला आलं. व्यवस्थापक अपघातात जखमी होऊन दवाखान्यात होते, खुर्चीवर तात्पुरता दुसरा माणूस बसला होता. एक शेतकरी मुदत ठेवीची पावती घेऊन आला. पावतीवर संस्थेचं नाव, शिक्का, सही सगळं बरोबर. ठेव रजिस्टरला मात्र त्या नंबरची नोंदच नाही. त्याच छापखान्यातून पावती पुस्तकांचा दुसरा संच छापून घेतलेला होता आणि त्यावर स्वीकारलेला एकही रुपया रोजकीर्दीला (रोजच्या जमाखर्चाच्या वहीला) आलेला नव्हता. त्या संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हायचं. पण जे दप्तरातच नाही, ते दप्तर चाळून कसं सापडणार? ते सापडतं ठेवीदाराच्या घरी, त्याच्या पेटीतल्या पावतीत. म्हणून सभासदांच्या खात्यांची प्रत्यक्ष पडताळणी हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा नियम, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही.

रिझर्व्ह बँकेने बँकांमधल्या संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस सलग, आधी न सांगता, सक्तीची रजा द्यायला सांगितलं आहे. पतसंस्थेला तो आदेश लागू नाही. पण मंडळाने तोच नियम आपल्या कर्मचाऱ्यांच्या सेवानियमांत घेतला तर कोण अडवणार आहे? रजेच्या काळात त्यांचं काम लिपिकाने करायचं आणि व्यवस्थापकांनी संस्थेची पायरी चढायची नाही, फोनवरून पासवर्ड द्यायचा नाही, हे ठरावात स्पष्ट लिहा. नाहीतर रजेवरचा माणूस दुपारी "सहज चक्कर मारायला" येतो.

तुमच्याकडे टेबलावर बसणारी माणसं दोनच. शहरातल्या बँकेसारखी कामाची वाटणी जमणार नाही हे मला कळतं. तरी काही गोष्टी दोन माणसांतही जमतात. जो रोख घेतो त्याने खतावणी (खातेनिहाय नोंदींची वही) लिहू नये. ज्याने कर्जाची शिफारस केली त्याने रक्कम अदा करू नये. तिजोरीची एक किल्ली व्यवस्थापकांकडे, दुसरी रोखपालाकडे आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. जादा किल्ल्या मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. रोज संध्याकाळी रोजकीर्दीच्या शिल्लकेखाली नोटांचं विवरण – पाचशेच्या किती, दोनशेच्या किती – आणि त्याखाली दोघांच्या सह्या. कोऱ्या ठेव पावत्या आणि चेकबुकं नंबरवार रजिस्टरला लावून एका संचालकाच्या ताब्यात, लागतील तशी मोजून द्यायची.

तिसरं माणूस संचालक मंडळातून येऊ द्या. ते तुम्ही का असू नये? शिक्षिका म्हणून तुम्ही हजेरीपट आणि दाखल्यांचं रजिस्टर सांभाळलेलं आहे, रोजकीर्द त्याहून अवघड नाही. महिन्यातून दोनदा, ठरावीक वार न ठेवता, रोकड मोजा आणि रोजकीर्दीतच तारीख-वेळ घालून सही करा. बँकेचा खातेउतारा व्यवस्थापकांकडून न घेता थेट बँकेतून मागवा आणि त्याचा संस्थेच्या पुस्तकाशी ताळमेळ लावा. "चेक वटायचा आहे" असं लिहून एखादी रक्कम चार-चार महिने पुढे ओढली जात असेल तर तिथे थांबा. आणि अनामत खाते उघडून बघा. जी रक्कम कुठेच बसत नाही ती तिथे टाकतात, आणि तिथे टाकलेलं कोणी विचारत नाही.

संगणकाचं वेगळं सांगते, कारण संचालक तिथे हात टेकतात. प्रत्येकाचा पासवर्ड स्वतःचा हवा. मागच्या तारखेची नोंद करण्याचा किंवा नोंद बदलण्याचा अधिकार व्यवस्थापकांना एकट्याने नको. बदललेल्या आणि रद्द केलेल्या नोंदींची यादी बहुतेक प्रणालींमधून छापून निघते. ती दर महिन्याला मंडळासमोर ठेवायला सांगा. यादी समजली नाही तरी चालेल. ती मागितली जाते एवढं कळलं तरी कामकाज बदलतं.

पिग्मी एजंटांचं : ठेवीदाराच्या कार्डावरची किंवा यंत्राच्या पावतीवरची रक्कम आणि खतावणीतली रक्कम जुळते का, हे एजंटाने नव्हे, दुसऱ्या कोणी तरी बघायचं. दर महिन्याला प्रत्येक एजंटाची थोडी खाती निवडा. निवड तुम्ही करा, व्यवस्थापकांना करू देऊ नका. भाजीवाली, चहावाला, गॅरेजवाला – यांच्याकडे जाऊन कार्ड बघा. एजंटांचे भाग वर्षा-दीड वर्षाने बदला. एजंट कुरकुर करतील, त्यांची ओळख तुटते, धंद्यावर परिणाम होतो. ती कुरकुर खरी आहे आणि तरीही भाग बदला.

सोनेतारण कर्ज देत असाल तर पाकिटं मोहोरबंद, दोघांच्या ताब्यात, आणि वर्षातून एकदा काही पाकिटं उघडून दुसऱ्या सराफाकडून तपासणी. ज्याने पहिलं मूल्यांकन केलं त्याच्याकडूनच फेरतपासणी करून घेण्यात काही अर्थ नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, नियम कोण करणार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालचे १९६१ चे नियम सगळ्यांत वर. त्याखाली तुमच्या संस्थेचे नोंदवलेले पोटनियम, म्हणजे संस्थेची स्वतःची नियमावली. आणि त्याखाली मंडळाने ठरावाने केलेले कामकाजाचे नियम. मी वर सांगितलेलं सगळं – किल्ल्या, रोकड मोजणी, सक्तीची रजा, पासवर्ड – हे तिसऱ्या पायरीवरचं आहे. पोटनियमांना धक्का लागत नसेल तर त्यासाठी मंडळाचा ठराव पुरतो. कर्जमर्यादा, मंडळाचे अधिकार, सभासदत्वाच्या अटी असं काही बदलायचं असेल तरच पोटनियम दुरुस्ती आणि सहकार खात्याच्या निबंधकांची नोंदणी. सेवानियम मात्र नुसते ठरावात राहू देऊ नका, कर्मचाऱ्यांना वाचून दाखवून त्यांची सही घ्या.

नियम लिहिताना त्यात चार गोष्टी हव्यात : कोणी करायचं, केव्हा, किती, आणि नाही केलं तर काय. "रोख शिल्लक योग्य प्रमाणात ठेवावी" हा नियम नव्हे. "दिवसअखेर हातातली रोकड अमुक रकमेपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बँकेत भरावी, न भरल्यास रोखपालाने कारण रोजकीर्दीत लिहावं आणि ते पुढच्या मासिक सभेत वाचावं" हा नियम. आकडा तुमच्या रोजच्या उलाढालीवरून ठरवा आणि तेवढ्या रकमेचा विमा उतरवा.

आणि मंडळाने नकारच दिला तर? विषय लेखी द्या, चर्चेला आणा, फेटाळला गेला तर तुमचं मत तुमच्या नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना ते खरंच लिहिलंय का हे बघा. हा हट्ट नाही. संस्थेचं नुकसान झालं आणि कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करायची वेळ आली तर कोणी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि कोणी आधी सांगितलं होतं, हे त्या वहीवरून ठरतं. राखीव जागेवरच्या बाईला सही करण्यापुरतं बोलावतात असा अनुभव मला कित्येक संचालिकांनी सांगितला आहे. सही सगळ्यांची सारखीच धरली जाते, जबाबदारीही.

प्रश्न : आमच्या पगारदार सेवकांच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अगदी शेवटी, निम्मे लोक जेवायला उठले असताना, "ऐनवेळचे विषय" म्हणून कर्जमर्यादा वाढवण्याचा आणि दोनाऐवजी एक जामीनदार घेण्याचा ठराव मांडला. दोन्ही गोष्टी आमच्या पोटनियमांत आहेत. "मंजूर, मंजूर" असा आवाज झाला. पंधरा दिवसांत नव्या मर्यादेने कर्जवाटप सुरूही झालं. हे कायदेशीर आहे का?
– एक सभासद, नाशिक

उत्तर : नाही. आणि एका नव्हे, तीन ठिकाणी चुकलं आहे.

पोटनियम दुरुस्ती ऐनवेळच्या विषयांत घेता येत नाही. जुना पोटनियम, प्रस्तावित पोटनियम आणि बदलाचं कारण हे सभेच्या सूचनेबरोबर सभासदांना आधी मिळायला हवं. दुसरं, अशा ठरावाला सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश मतांची गरज असते. आवाजावरून दोन तृतीयांश मोजता येत नाहीत. हात मोजावे लागतात आणि बाजूने किती, विरोधात किती हे इतिवृत्तात आकड्यांत यावं लागतं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : कलम १३ नुसार निबंधकांनी नोंदणी केल्याशिवाय दुरुस्ती अमलात येतच नाही. सभेनंतर दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव पाठवायचा असतो आणि निबंधकांनी तो दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. तोवर जुनाच पोटनियम लागू. म्हणजे त्या पंधरा दिवसांनंतर वाटलेली वाढीव कर्जं पोटनियमाबाहेरची आहेत आणि लेखापरीक्षकाने ती तशी नोंदवायला हवीत.

काही संचालक म्हणतात, "पोटनियम म्हणजे काय मोठा कायदा आहे?" कायदा नाही, हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एका मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं की पोटनियमांना विधिमंडळाच्या कायद्याचं बळ नसतं. कंपनीच्या अंतर्गत नियमावलीसारखं त्यांचं स्वरूप असतं. पण त्याच निकालात हेही आहे की संस्थेच्या अंतर्गत कारभाराला ते लागू असतात आणि संबंधितांवर बंधनकारक असू शकतात. तो तुमच्या सगळ्यांचा आपसातला करार आहे. पंचवीस जण ओरडले म्हणून उरलेल्या चारशे जणांचा करार बदलत नाही.

जामीनदार कमी करण्याबद्दल माझं स्वतःचं मत, विचारलं नसलं तरी : पगारदार संस्थेत वसुली पगारातून कापून येते म्हणून सगळ्यांना निर्धास्त वाटतं. नोकरी सुटली, निलंबन झालं, माणूस गेला की त्या कपातीचा उपयोग संपतो आणि तेव्हाच दुसरा जामीनदार आठवतो. मर्यादा वाढवायची असेल तर वाढवा; दोन्ही दोर एकदम सैल करू नका.

आधी संस्थेला लेखी अर्ज करून त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. कलम ३२ प्रमाणे सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, मंडळाचं इतिवृत्त, पोटनियम, सभासद नोंदवही, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. पाहण्याला पैसे नाहीत, प्रतींना फी भरावी लागते आणि भरल्यापासून महिन्याच्या आत प्रती मिळायला हव्यात. मग ती प्रत जोडून उपनिबंधकांकडे हरकत नोंदवा, म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव आला तर त्यांच्यासमोर दुसरी बाजूही असेल. आणि एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कलम ७६ खाली महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. सही गोळा करायला फिराल तेव्हा अर्ध्या लोकांना त्या दिवशी काय मंजूर झालं हे ठाऊकच नव्हतं असं कळेल.

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत लेखापरीक्षक येतात, वह्या बघतात, "ब" वर्ग देऊन जातात. पण आम्हा उत्पादकांची तक्रार फॅटची आणि मापाची असते. त्यावर अंतर्गत नियंत्रण म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक दूध उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दूध संस्थेत पैसा तिजोरीत नंतर येतो, आधी तो कॅनमध्ये असतो. त्यामुळे नियंत्रण काट्यापासून सुरू व्हायला हवं.

काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, हे संकलनाच्या जागी कोणालाही दिसलं पाहिजे. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) मोजणाऱ्या यंत्राची तपासणी कधी झाली, कोणाच्या समोर झाली, याची वही ठेवा आणि त्यावर मंडळाबाहेरच्या दोन उत्पादकांच्या पाळीपाळीने सह्या घ्या. आकडा पडद्यावर उत्पादकाला दिसावा आणि छापील पावती त्याच वेळी हातात पडावी. "संध्याकाळी एकदम घ्या" चालणार नाही.

मग ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते दूध. तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचं उरलेलं दूध दोन्ही वेळचं मिळून बऱ्यापैकी भरतं. ते विकलं जातं का, कोणाला, कोणत्या दराने, आणि ते पैसे संस्थेच्या जमेला येतात का? तसंच, गावातून गोळा झालेलं दूध आणि संघाने (संस्था ज्याला दूध पाठवते त्या दूध संघाने) स्वीकारलेलं दूध यांतला रोजचा फरक. थोडी घट समजते. पण महिनोन्महिने वाढच दिसत असेल, म्हणजे संस्थेने जेवढं घेतलं त्यापेक्षा जास्त दूध संघाला जात असेल, तर उत्पादकाच्या मापातून काहीतरी कापलं जातंय. रोजची घट-वाढ फलकावर लिहायला लावा. लिटरमध्येही आणि फॅटमध्येही, कारण लिटर जुळवून फॅट कापता येते.

वर्ग "ब" मिळाला म्हणून गप्प बसू नका. अहवालातले दोष वाचा. कलम ८२ प्रमाणे दोषांचा खुलासा आणि दुरुस्तीचा अहवाल तीन महिन्यांत निबंधकांकडे जायला हवा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेसमोर तो ठेवायला हवा. पुष्कळ संस्थांत "दोष दुरुस्ती सुरू आहे" हे एकच वाक्य वर्षानुवर्षं उतरवलेलं मी पाहिलं आहे. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवलेत की ते लगेच दिसतं.

प्रश्न : माझ्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग पतसंस्थेत आहे. बँकेसारखा याला पाच लाखांचा विमा असतो ना? आणि संचालकांच्या नातेवाइकांना मोठी कर्जं दिल्याचं कानावर येतं, ते मला विचारता येईल का?
– एक ठेवीदार सभासद, ठाणे

उत्तर : विमा नाही. ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था त्यात येत नाहीत. तिथे तुमच्या ठेवीची सुरक्षितता कर्ज कोणाला आणि कशावर दिलं एवढ्यावरच असते. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न खरं तर पहिल्याचाच भाग आहे.

विचारता येतं आणि विचारायलाही लागू नये. कलम ७५ प्रमाणे वार्षिक सभेपुढे मंडळाने एक विवरण ठेवायचं असतं : मंडळाच्या सदस्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेली कर्जं, ते ज्या संस्थेत, फर्ममध्ये किंवा कंपनीत भागीदार वा संचालक आहेत त्यांना दिलेली कर्जं, वर्षात किती फेडलं, वर्षाअखेर किती येणं आहे आणि त्यात थकीत किती. अहवाल हातात आला की आधी ते पान शोधा. पान नसेल तर सभेच्या आधी लेखी मागा आणि पोच घ्या. पान असेल तर ३१ मार्चची बाकी बघून थांबू नका. मार्चअखेर नवं-जुनं करून, म्हणजे नवं कर्ज दाखवून जुनं फेडल्याचं दाखवून, थकबाकी नाहीशी करतात आणि एप्रिलमध्ये ती पुन्हा उभी असते. सभेत एवढंच विचारा : या यादीतल्या कर्जांपैकी कोणती कर्जं मार्च महिन्यात फिटली, आणि त्याच कर्जदारांना मार्च-एप्रिलमध्ये नवीन किती दिलं? उत्तर आकड्यांत मागा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तेव्हा अर्ज ऑगस्टमध्येच देऊन ठेवा.